मोठेपणी दात सरळ करताय? अलाइनर लावायच्या आधी हे वाचा

अलाइनर म्हणजे दातांवर चढवायचे पारदर्शक प्लास्टिकचे साचे, म्हणजेच ट्रे, एकामागून एक लावायचे. पहिली गोष्ट, हिरड्या सुजलेल्या असतील किंवा दात किडलेला असेल तर आधी ते नीट करून घ्या, कारण हाडच कमजोर असेल तर दात सरकवणं म्हणजे पायाच ढिला. एक्स-रे आणि स्कॅन न करता नुसते फोटो बघून कोणी ट्रे पाठवत असेल तर सरळ नाही म्हणा.

एक ट्रे दात साधारण ०.२५ मिमी सरकवतो, बस एवढंच, म्हणून तो दिवसाचे २०-२२ तास तोंडात हवाच. इथेच सगळे गंडतात! जेवताना काढला, मग गप्पा, मग चहा, आणि बघता बघता चार तासांच्या वर गेले, रोज असंच झालं की पुढचा ट्रे नीट बसत नाही. नवीन ट्रे, म्हणजे दर एक-दोन आठवड्यांनी, रात्री झोपताना लावा, पहिले दोन-तीन दिवस दात ठणकतात ते निम्मे झोपेत निघून जातात. आधीचा ट्रे फेकू नका हं, नवा हरवला तर तोच कामी येतो.

ट्रे घालून फक्त साधं पाणी प्यायचं, आणि धुताना गरम पाणी अजिबात नाही, प्लास्टिक वाकतं. टिश्यूमध्ये गुंडाळून ठेवला की कचऱ्यात गेलाच समजा, डबी जवळ ठेवा.

ट्रेला पकड मिळावी म्हणून दातांवर चिकटवलेले छोटे ठिपके जिभेला टोचतात, होते सवय.

आणि शेवटी रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा साचा, तो रात्री लावायचाच, वर्षानुवर्षं, नाहीतर दात परत जुन्या जागी.