जुन्या कॅसेट डिजिटल करताय? लॅपटॉपआधी टेपच्या हेडकडे बघा

कॅसेट डिजिटल करायच्या म्हटलं की पहिला प्रश्न येतो, सॉफ्टवेअर कोणतं घेऊ? ऑडॅसिटी फुकट मिळतं आणि घरगुती कामाला भरपूर पुरतं. पण आवाजाचं खरं नुकसान लॅपटॉपपर्यंत पोचायच्या आधीच होतं, आणि ते नंतर कशानेच भरून निघत नाही.

बरेच जण विकत आणलेल्या कॅसेटपासून सुरुवात करतात. त्यातलं बरंचसं संगीत आज दुसरीकडे ऐकायला मिळतं. आजीच्या ओव्या, गावच्या सप्ताहातलं कीर्तन, घरच्या बैठकीतला यमन मात्र त्या एकाच फितीवर असतो. तेव्हा घरी रेकॉर्ड केलेल्या कॅसेट आधी घ्या. वाजवण्यापूर्वी फीत उघडी दिसते त्याच्या विरुद्ध कडेचे दोन्ही छोटे टॅब मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही.

मग खिडकीतून रीळ नीट पाहा. कोकणात, मुंबईत दमट हवेमुळे फितीच्या कडेवर पांढरट बुरशी धरते. अशी कॅसेट वाजवलीत तर बुरशी हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर जाते आणि तिथून पुढच्या कॅसेटला लागते. ती वेगळी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. हेडसमोर फितीमागे लोकरीची छोटी गादी असते. ती निखळली असेल तर आवाज दबका येतो आणि मधेच विरतो, मग दोष उगाच टेपरेकॉर्डरला मिळतो. वर्षानुवर्षं पडून राहिलेली कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून मोकळी करा. १२० मिनिटांच्या कॅसेटची फीत फारच पातळ, जेमतेम ९ मायक्रॉनची असते. तिला फास्ट फॉरवर्ड नको, पेन्सिलीने हळूहळू गुंडाळा.

हेड आणि फीत ओढणारा धातूचा दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. काडी तपकिरी निघेनाशी होईपर्यंत पुसत राहा. एवढं बहुतेक जण करतात. राहून जातो तो हेडशेजारचा स्क्रू. हेड फितीला काटकोनात हवं. ज्या यंत्रावर रेकॉर्डिंग झालं त्याचा कोन आणि तुमच्या डेकचा, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्राचा कोन जुळला नाही की टाळ, झांज, ‘स’ आणि ‘श’ सगळं बोथट होतं. कॅसेट चालू असताना, आवाज मोनो (डावा-उजवा एकत्र) करून, हा स्क्रू अगदी केसभर इकडे-तिकडे फिरवा. जिथे टाळ सगळ्यात लख्ख ऐकू येईल तिथे थांबा. दर कॅसेटला हे नव्याने करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण इतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. स्वस्तातल्या यूएसबी कॅसेट प्लेअरवर माझा भरवसा नाही तो यासाठीच. जुना, दुरुस्त केलेला चांगला डेक कधीही बरा.

वेगही तपासा. सेल उतरलेले असताना रेकॉर्ड केलेली कॅसेट आज जलद वाजते. वेग सुमारे ६ टक्के वाढला की काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये जातं. गायकाची पट्टी माहीत असेल तर हार्मोनियमवर लगेच कळतं, आणि हे मात्र सॉफ्टवेअरमध्ये सुधारता येतं.

लॅपटॉपवरचं एकच भोक बहुधा हेडसेटच्या माइकचं, म्हणजे मोनो असतं. त्यात डेकची वायर खुपसू नका. स्टीरिओ लाइन इनपुट असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस (डेकचा आवाज लॅपटॉपला देणारी छोटी डबी) घ्या आणि डेकच्या लाइन आउटमधून जोडा. घुं घुं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. सॉफ्टवेअरच्या मीटरवर मोठ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या, कारण शून्याला धडकलेला आवाज फाटतो तो कायमचा.

विंडोजमधली नॉइज सप्रेशनची सोय आठवणीने बंद करा. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे खरखर, असं ती धरून चालते, म्हणजे तानपुराच खाऊन टाकते. नंतर खरखर कमी करतानाही हाच धोका आहे. म्हणून मूळ रेकॉर्डिंग वेव्ह किंवा फ्लॅक या आवाजात काटछाट न करणाऱ्या फाइलमध्ये जसंच्या तसं जपा आणि सफाई प्रतीवर करा. साध्या सीडीच्या दर्जाला तासाभराची वेव्ह फाइल ६०० एमबीच्या घरात जाते, आजच्या हार्ड डिस्कला हे काहीच नाही. एमपी३ फक्त मोबाइलवर पाठवायला ठेवा. मूळ फाइलच्या दोन प्रती, त्याही दोन वेगळ्या घरांत असू द्या.

फाइलला ‘साइड ए’ एवढंच नाव देऊन थांबू नका. गायक, गाव, साल आणि साथीला कोण, सगळं लिहा. कव्हरच्या आतल्या कागदाचा फोटो त्याच फोल्डरमध्ये टाका. तबल्यावर कोण होतं हे सांगू शकणारे काका-मावशी असतील, तर त्यांना फाइल ऐकवून विचारा आणि कॅसेट कपाटात जाण्याआधी नाव लिहून घ्या.