वादळाची जुनी नोंद आपल्या धक्क्यावर कशी उतरवायची

मी दापोलीत भूगोल शिकवते. वर्गात हर्णै-पाजपंढरीची मुलं असतात, समुद्राला अगदी लागून राहणारी. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. जुन्या वादळात पाणी किती चढलं ते काढायचं आणि धक्क्यावर तेवढ्या उंचीची रेघ मारायची, हे काम एप्रिलातच उरका. वादळ अंगावर आलं की हवामान विभागाचे आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती केंद्राचे इशारे पाळायचे, तेव्हा तक्ते उघडून बसायचं नाही.

आधी ‘आयबीट्रॅक्स’. अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान-समुद्र संस्थेकडचा हा संग्रह, त्यात जगभरातल्या चक्रीवादळांचे मार्ग फुकट मिळतात. उत्तर हिंदी महासागर, २०२०, ‘निसर्ग’ चक्रीवादळ असं निवडून तक्ता उतरवून घ्या. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा. ३ जूनला ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं ते ७ ते ९ यूटीसीच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबारा ते अडीच. वारा नॉटमध्ये असतो, १.८५२ने गुणलं की ताशी किलोमीटर. एकाच वादळाचे दोन वेग दिसले तर गोंधळू नका. आपल्या हवामान विभागाचं दिल्लीचं केंद्र वाऱ्याची ३ मिनिटांची सरासरी घेतं, अमेरिकेचं १ मिनिटाची. दिल्लीचा रकाना धरा, आपले इशारे त्याच मापात येतात.

खरं काम पाण्याच्या पातळीचं. युनेस्कोच्या सागरी आयोगाचं समुद्रपातळीचं संकेतस्थळ बेल्जियममधून चालतं. देशोदेशीच्या भरतीमापकांचे आकडे तिथे थोड्याच वेळात येतात. २८ नोव्हेंबर १९४५ला मकरान किनाऱ्याजवळ भूकंप झाला आणि त्सुनामी मुंबईपर्यंत पोचली. तशी लाट आज निघाली तर वाटेतले मापक ती आधी दाखवतील. म्हणून प्रत्येक देशाने आपले आकडे खुले ठेवायलाच हवेत, असं मला मनापासून वाटतं.

नकाशावर जवळचं केंद्र शोधा. त्याचं शून्य, म्हणजे मोजणी जिथून सुरू होते ती पातळी, आणि भरती-ओहोटीच्या तक्त्याचं शून्य एक असेलच असं नाही, म्हणून आधी शांत दिवस घ्या. समजा त्या दिवशी मापक तक्त्यापेक्षा ०.४ मीटर जास्त दाखवतो आणि वादळाच्या दिवशी १.१ मीटर. मग वादळाने चढवलेलं पाणी ०.७ मीटर. मध्येच एखादा आकडा एकटाच उसळलेला दिसला तर सोडून द्या. हे आकडे तपासून गाळलेले नसतात.

आता तिथी बघा. ‘निसर्ग’नंतर दोनच दिवसांनी वटपौर्णिमा होती, म्हणजे उधाणाचे दिवस. तेच ०.७ मीटर भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीवर चढलं तर धक्का कोरडा राहू शकतो, उधाणावर चढलं तर पाणी घरात. म्हणून पौर्णिमेच्या भरतीला धक्क्यावर रंगाने रेघ मारा आणि तिच्यावर ०.७ मीटरची दुसरी. त्यावर लाटांची उसळी येते ती वेगळीच. दुसऱ्या रेघेच्या पातळीत ज्यांचे उंबरे येतात त्या घरांची यादी करा. म्हातारी माणसं, गरोदर बाया कुठे आहेत ते तिच्यातच लिहा आणि मे लागायच्या आत एक प्रत ग्रामपंचायतीत, एक मच्छीमार सोसायटीत द्या.