खळ, फर्मा आणि गुरुवारची सुट्टी

मी हाताने बाइंडिंग करून विकलेल्या पहिल्या वहीला तीन तास वीस मिनिटं लागली. आठवणीतून सांगत नाही, लिहून ठेवलंय. भोसरीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत 14 वर्षं क्वालिटीत काढली, त्यामुळे मोजल्याशिवाय चैन पडत नाही. ती वही 350 रुपयांना गेली. सामान 140 रुपयांचं. उरले 210, म्हणजे तासाला 63 रुपये. नवऱ्याने विचारलं, "परवडलं का?" म्हटलं, "नाही. पण किती नाही परवडलं ते कळलं."

छंदाचे पैसे करायचे असतील तर आधी घड्याळ लावा, हे माझं पहिलं सांगणं. लोगो, इन्स्टाग्राम, नाव काय ठेवायचं, हे सगळं नंतर. (नाव अजूनही ठेवलेलं नाही. लोक "कोथरूडच्या बाइंडिंगवाल्या ताई" म्हणतात, काम चालतं.)

माझी परिस्थिती सांगते, म्हणजे तुमची ताडून बघता येईल. वय 41. कारखाना सोडून ग्रंथालयशास्त्राची एक वर्षाची पदवी करायची आणि मग ग्रंथालयात नोकरी बघायची, असं ठरवलं. मधल्या काळात पगार शून्य. हातात होतं ते बाइंडिंग. भोसरीच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, रविवारी नाही. सगळं पुणं कामावर असताना आपण मोकळ्या. त्या मोकळ्या गुरुवारी तीन वर्षं शनिवार पेठेतल्या एका वाड्यात बाइंडर काकांकडे शिकायला बसत होते. पहिले चार महिने त्यांनी मला फक्त घड्या घालायला लावल्या, तेही "मॅडम" म्हणून. सुई हातात दिली त्या दिवसापासून मी "ताई" झाले.

तर दुसरा मुद्दा: शिकायचं ते पगार चालू असताना शिका, विकायचं ते राजीनाम्यानंतर. नेमणूकपत्र काढून वाचा. नोकरीत असताना दुसरा व्यवसाय करणार नाही असं कलम बहुतेक पत्रांत असतं आणि सही करताना आपण ते वाचलेलं नसतं. मी नोटीस पिरियड संपेपर्यंत एक रुपया घेतला नाही. वह्या भेट दिल्या, पण नातेवाईक सोडून. नातेवाईक काहीही छान म्हणतात. ओळखीच्या ओळखीतल्या दहाजणांना दिल्या आणि महिन्याने विचारलं, किती पानं लिहिली? सहाजणांनी एकही लिहिलं नव्हतं. "इतकी सुंदर आहे, खराब करवत नाही." मी हे कौतुक समजले नाही. जी वही कधी संपत नाही तिचं गिऱ्हाईक परत येत नाही.

पैशांचं थोडक्यात. ग्रॅच्युइटी मिळाली (कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की हक्काची असते; माझा हिशेब शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं), ती घरखर्चासाठी बाजूला ठेवली. पीएफला हात लावला नाही. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, म्हणून स्वतःचा आधीच काढला. बाइंडिंगसाठी 15,000 रुपये वेगळ्या खात्यात टाकले आणि घरात जाहीर केलं की हे संपले तर धंदा संपला. ते खातं वेगळं असणं फार उपयोगी पडतं. ग्राहकाचे यूपीआय तिथेच येतात, दोऱ्याचे पैसे तिथूनच जातात, आणि दुधाचं बिल त्यात मिसळत नाही.

आता खरेदी. मला या भागावर जास्त बोलायला आवडतं, तेवढं चालवून घ्या. वनाजला मेट्रोत बसायचं, सिव्हिल कोर्टला बदलून मंडईला उतरायचं. तिथून रविवार पेठेत बोहरी आळी पायी: आऱ्या, सी-क्लॅम्प, ब्रश, स्टीलची पट्टी. कागद अप्पा बळवंत चौकात. 23 बाय 36 इंची डबल डेमीचा ताव घेतला तर त्यातून डेमी (नेहमीच्या पुस्तकाच्या) आकाराची 32 पृष्ठं निघतात, म्हणजे 16 पृष्ठांचे दोन फर्मे (शिवायला घडी घातलेले पानांचे गठ्ठे). ताव गुंडाळून मेट्रोत नेण्याचा प्रयत्न मी एकदाच केला. दुकानातच कापून घ्या. पण कापायला देण्याआधी कागदाचा कल बघा. ताव हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवला की एका बाजूने तो सहज वाकतो, दुसऱ्या बाजूने अडतो. सहज वाकणारी घडी पुस्तकाच्या कण्याला समांतर यायला हवी. उलटी आली तर वही कधीच नीट मिटत नाही, पानं फुगून राहतात. पुठ्ठ्यालाही हाच नियम. माझे पहिले 40 पुठ्ठे उलटे कापले गेले. ते आता मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टांना पुरून उरलेत.

आणि पुण्यात वही विकायची तर पहिला प्रश्न येतो, "शाई फुटते का?" फाउंटन पेनवाले इथे पुष्कळ. नुसतं नाही म्हणू नका, प्रत्येक रिममधला एक कागद स्वतः शाईने लिहून, पाठ बघून, तारीख टाकून ठेवा. वेगळं काही हवं असेल तर शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, 1940 पासूनची. तिथला कागद मी आतल्या पानांना वापरत नाही, अस्तराला वापरते. मुखपृष्ठ उघडल्यावर पहिला दिसतो तो कागद म्हणजे अस्तर, आणि लोक बोट फिरवतात ते तिथेच. दाबायला प्रेस हवा असतो. नवा घेऊ नका. मी वर्षभर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार विटा आणि सासूबाईंचा पाटा वापरला. मग एका रविवारी जुन्या बाजारात लोखंडी स्क्रू-प्रेस मिळाला. गंज घासायला दोन दिवस गेले, दांडा अजून वाकडाच आहे.

चिकटवायची खळ घरी करायची. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आच, सारखं ढवळत राहायचं. काका म्हणायचे, "ताई, शिरा नको, बासुंदी." पेठेतले जुने बाइंडर खळीत मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घालतात, कसर लागू नये म्हणून. मोरचूद विषारी आहे. भांडं, चमचा, सगळं वेगळं ठेवा आणि त्यावर लाल रंगाने लिहा. आमच्याकडे सासूबाईंनी ते पातेलं स्वयंपाकघरातून थेट बाल्कनीत नेऊन ठेवलं आणि म्हणाल्या, "आता तू पण तिथेच बस." तेव्हापासून माझं वर्कशॉप बाल्कनीत आहे. जुन्या पुस्तकांना मी मोरचूद घालतच नाही. तांब्याच्या क्षारांनी कागद कालांतराने तपकिरी आणि ठिसूळ होतो. त्याऐवजी थोडीच खळ करते, दोन दिवसांत संपवते.

जुन्या पुस्तकांकडे कशी वळले ते सांगायला हवं, कारण धंदा तिथेच उभा राहिला. दिवाळीच्या आधी एका सभागृहात प्रदर्शन होतं, तिथे वह्यांचा स्टॉल लावला. दोन दिवसांचं भाडं विक्रीपेक्षा जास्त झालं. पण तीन बायका आणि एक आजोबा वहीला हात लावून म्हणाले, "अशी शिलाई जुन्या पुस्तकाला घालून द्याल का?" पारायणाची पोथी, आजीची रेसिपीची वही, खिळखिळा शब्दकोश. वही सगळेच विकतात, आणि यंत्राने केलेली माझ्यापेक्षा स्वस्त मिळते. आईच्या अक्षरातली वही मात्र जगात एकच असते आणि ती दुरुस्त करून देणारे हात कमी आहेत. वेळेच्या वहीतले आकडेही तेच म्हणाले. दुरुस्तीला सरासरी चार तास, सामान 60 रुपये, मजुरी धरून 900 घेतले तर तासाला 210 पडतात. वह्या मी बंद केल्या नाहीत, एकेक करणं बंद केलं. दहा एकदम केल्या की एकीला एक तास दहा मिनिटं लागतात. तेवढ्यावर तासाला 180 सुटतात. सगळ्यांच्या घड्या एका दिवशी, सगळ्यांना भोकं दुसऱ्या दिवशी. कारखान्यात याला बॅच म्हणायचो. घरी हे सुचायला मला सहा महिने का लागले, देव जाणे.

दुरुस्तीचे माझे नियम आहेत आणि प्रत्येक नियमामागे एक चूक आहे. सगळ्यात वाईट चूक सांगते. एका गृहस्थांचा जुना कोश शिवून झाला. कडा खालीवर दिसत होत्या, म्हणून कटिंगला नेऊन तीन मिलिमीटर उडवून आणल्या. पुस्तक नव्यासारखं दिसायला लागलं. ते घ्यायला आले, पानं चाळली आणि गप्प झाले. समासात त्यांच्या वडिलांनी पेन्सिलीने टिपणं केली होती. प्रत्येक टिपणाचं शेवटचं अक्षर मी कापलं होतं. पैसे घेतले नाहीत, पण त्याने काय होणार? दुरुस्तीच्या पुस्तकाला तेव्हापासून मी कटर लावत नाही. कडा खालीवर राहू देत.

दुसरा नियम: परत सुटेल असंच चिकटवायचं. खळ पाण्याने सुटते. फेविकॉल वाळला की सुटत नाही, पुढचा दुरुस्त करणारा आपल्या नावाने बोटं मोडतो. सेलोटेप तर नाहीच, त्याचा चिकट डाग कागदात उतरतो आणि पिवळा पडतो. तिसरा: उसवण्याआधी प्रत्येक फर्म्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक. चौथा: पुरातन हस्तलिखित, शंभरी ओलांडलेलं किंवा हात लावला की तुकडे पडणारं पुस्तक घ्यायचं नाही. ते शिकलेल्या कॉन्झर्वेटरचं (जुने ग्रंथ जतन करणाऱ्याचं) काम आहे. नाही म्हटल्याने माझं गिऱ्हाईक गेलेलं नाही, उलट हेच लोक दुसरी पुस्तकं घेऊन येतात.

पावती करा. साधं पावतीपुस्तक चालतं. पुस्तक आलं की सगळ्या बाजूंनी फोटो, पानं मोजून आकडा, कुठली पानं आधीच नाहीत ते, काय करणार आणि काय करणार नाही ते, तारीख, निम्मे पैसे आधी. हे व्हॉट्सॲपवर पाठवून "मान्य" असं उत्तर घ्या. ओळखीच्या माणसाला पावती द्यायला लाज वाटते, पण भांडणं ओळखीतच होतात. आणि "जरा कमी करा ना" आलं की किंमत कमी करू नका, काम कमी करा. कापडी पुठ्ठ्याऐवजी कागदी, एवढं सांगितलं की लोक स्वतःच ठरवतात.

कागदपत्रांना एक दुपार पुरली. उद्यम (छोट्या उद्योगांची) नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, आधार आणि पॅनवर. पैसे मागणारं पान उघडलं असेल तर तुम्ही चुकीच्या जागी आहात. मी पहिल्यांदा तिथेच होते. शॉप ॲक्टखाली मोजकेच कामगार असतील तर ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. जीएसटीची मर्यादा वस्तू विकणाऱ्याला वर्षाला 40 लाख, सेवा देणाऱ्याला 20 लाख, म्हणजे बाल्कनीतल्या धंद्याला तूर्त काळजी नाही. मात्र महाराष्ट्राबाहेर माल पाठवायचा असेल तर नियम बदलतात, आधी सीएला विचारा. आणि प्राप्तिकर विवरणाचा पगारदारांसाठीचा 'सहज' फॉर्म धंद्याचं उत्पन्न आल्यावर चालत नाही. मी 'सुगम' भरते. त्यात छोट्या धंद्यांच्या अंदाजित उत्पन्नाच्या तरतुदीखाली बँकेतून आलेल्या जमेच्या 6 टक्के आणि रोखीच्या 8 टक्के किमान नफा धरता येतो, सगळे हिशेब सादर करावे लागत नाहीत. हिशेब मी तरी ठेवतेच.

पावसाचं कुणी सांगत नाही म्हणून सांगते. जून ते सप्टेंबर पुण्याच्या हवेत खळ वाळायला दुप्पट वेळ घेते, पुठ्ठे वाकतात, ओलसर राहिलेल्या कण्यावर बुरशी येते. पहिल्या वर्षी मी जुलैत 11 कामं घेतली आणि सहांची तारीख चुकली. आता पावसाळ्यात महिन्याला तीन. त्या दिवसांत घड्या घालायच्या, दोऱ्याला मेण लावून ठेवायचं, अभ्यास करायचा.

अभ्यास मुद्दाम शेवटी घेतला, कारण जोडधंदा पहिल्यांदा खातो तो त्यालाच. सूचीकरणाच्या पेपरच्या आदल्या रात्री मी एका पोथीचा कणा चिकटवत बसले होते, कारण पोथीचे पैसे लगेच मिळत होते आणि सूचीकरणाचे मिळणार नव्हते. काठावर पास झाले. तेव्हापासून इतर महिन्यांत सहा कामं, त्याहून एकही जास्त नाही. परीक्षेआधी महिनाभर नवीन पुस्तक घेतच नाही, दाराला तशी चिठ्ठी लावलेली असते.

चिठ्ठी याही वेळी लावली आहे. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ती वाचली, बेल वाजवली आणि पिशवीतून पोथी काढून ठेवली. म्हणाल्या, "श्रावणात लागेल गं, घाई नाही." पावती केली. आधी जुलैची तारीख टाकली होती, मग पाऊस आठवला. खोडून 5 जून केली.