फुटपाथची तक्रार करायचीये? आधी टेप घेऊन मोजा

नुसतं "फुटपाथ खराब आहे" लिहिलं की कोणी ढुंकून पाहत नाही भाऊ, आकडा द्या. भिंतीपासून कडेपर्यंत नका मोजू, विजेची डीपी, झाड, पाणीपुरीचा ठेला, उभ्या गाड्या सोडून माणसाला चालायला जिथे सगळ्यात कमी जागा उरते तिथे मोजा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ (पायी चालणाऱ्यांच्या सोयींची मार्गदर्शक तत्त्वं) प्रमाणे ती किमान १.८ मीटर पाहिजे, म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तरी निघतील. फोटोत टेपवरचा आकडा दिसू द्या. कडेची उंची १५ सेंमीपेक्षा जास्त नको, आपल्याकडे नागपुरात सिमेंट रोडनंतर लेव्हलचा जो खेळ झालाय त्यात आजीबाईंनी चढावं कसं?

मग सिग्नल. बर्डीवर व्हरायटी चौकात असाल तर पायी चालणाऱ्यांचा हिरवा सिग्नल किती सेकंद राहते ते मोबाईलवर टाइम लावून बघा, चालायचा वेग सेकंदाला १.२ मीटर हा नेहमीचा हिशोब, १८ मीटरच्या रोडला १५ सेकंद, म्हातारे असले की अजून.

रोड मनपाचा, एनआयटीचा (नागपूर सुधार प्रन्यास) की पीडब्ल्यूडीचा हे आधी विचारून घ्या नाहीतर अर्ज फिरतच राहते. मनपाचा असला तर आपल्या झोन ऑफिसला द्या, पोचपावती घेतल्याशिवाय हलू नका.