झोपलेल्या जनावराची वही

ठकीचं झोपेतलं भुंकणं निराळं असतं. तोंड मिटलेलं, गाल जरासे फुगतात आणि आतून ‘भुफ्, भुफ्’ असा आवाज येतो, उशीत तोंड खुपसून कुणी हसावं तसा. मी प्रुफं तपासते आणि माझं काम रात्रीचं. टेबलाखाली ठकी, कपाटावर पंत. ठकी कुत्री, पंत बोका. एका रात्री प्रुफांचा कंटाळा आला म्हणून त्यांच्याच समासात लिहिलं: ‘१.१०. डावा मागचा पाय, चार झटके. भुफ्.’ मग त्यासाठी वेगळी वहीच केली. आपल्या जनावराच्या डोक्यात काय चालतं याचं कुतूहल असेल, तर तुम्हीही करा.

वही उघडली की डावं पान दिवसाचं आणि उजवं रात्रीचं. डाव्या पानावर त्या दिवशी काय घडलं ते लिहायचं, उजव्यावर झोपेत काय दिसलं ते. नियम एकच, आणि तो माझ्या धंद्यातला आहे: कागदावर जे आहे ते वाचायचं, असायला हवं ते नाही. ‘पुढचे पंजे हलले’ चालेल. ‘सशामागे धावली’ चालणार नाही, कारण ससा तुम्ही आणलात. पहिल्या आठवड्यात मी ‘माझी आठवण येऊन रडली’ असं लिहिलंय. आता ते पान उलटताना लाज वाटते. आवाज बारीक होता, दोन सेकंदांचा होता, एवढंच मला माहीत होतं.

कधी बघायचं हे कळलं नाही तर नुसतं जागरण होईल. आपण संस्कृतातून श्वाननिद्रा हा शब्द घेतला तो सावध झोपेसाठी, पण कुत्रं गाढही झोपतं. डोळा लागल्यावर आधी श्वास संथ आणि एकसारखा होतो. साधारण वीस मिनिटांनी तो बिघडतो, मध्येच भरभर, मध्येच थांबल्यासारखा. बंद पापण्यांखाली बुबुळं फिरतात, मिशा थरथरतात, पंजे उडतात. पेन तेव्हा उचलायचं. माणसाच्या झोपेतला हा टप्पा शिकागोतल्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये नोंदवला. माणसाला या टप्प्यात उठवलं तर तो बहुधा रंगीबेरंगी स्वप्न सांगतो. ठकी सांगत नाही, म्हणून वही.

मांजराच्या बाबतीत आधी बसण्याची ढब पाहा. पाय पोटाखाली घेऊन, मान ताठ ठेवून डोळे मिटलेले पंत अजून डुलकीतच असतात. स्वप्नांच्या टप्प्यात अंगातले स्नायू सैल पडतात, त्यामुळे मान कुठेतरी टेकावी लागते. घोडा उभ्यानं पेंगतो, पण या झोपेसाठी त्यालाही आडवं व्हावं लागतं. तेव्हा पंत कुशीवर कलंडेपर्यंत मी माझी प्रुफं तपासते.

स्नायू सैल पडतात तर पंजे का उडतात? मेंदूच्या तळाशी एक कुलूप आहे. स्वप्न चालू असताना ते अंगाला हलू देत नाही, पण पुरतं घट्ट बसत नाही. त्यातून जे गळतं ते आपल्याला दिसतं. फ्रान्सच्या ल्यों शहरात मिशेल झुव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतला तेवढाच भाग निकामी केला. ती मांजरं झोपेतच उठली, दबा धरला आणि समोर नसलेल्या कशावर तरी झडप घातली. हे वाचलं त्या रात्री मला प्रयोगाचा राग आला, आणि पंतांकडे मी जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं हेही खरं.

दुसरा भक्कम पुरावा उंदरांचा. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत लुई आणि विल्सन यांनी वाटेवर धावणाऱ्या उंदरांच्या मेंदूतल्या पेशी कोणत्या क्रमाने पेटतात ते टिपलं. नंतर उंदीर झोपले तेव्हा तोच क्रम पुन्हा दिसला, इतका स्पष्ट की उंदीर वाटेवर कुठपर्यंत पोचला तेही ओळखता यावं. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण उंदरांनाही लागू पडते म्हणायची.

म्हणूनच डावं पान महत्त्वाचं, आणि मी चुकले ती तिथेच. महिन्याभराची पानं चाळली तर प्रत्येक ओळीत मी होते. मी फिरवलं, मी विंचरलं, मी ओरडले. ठकीच्या दिवसात माझा वाटा दोन-अडीच तासांचा. बाकीचं कुठे गेलं? मग एक अख्खा दिवस नुसती तिच्या मागे राहिले. दाराच्या फटीला नाक लावून ती चाळीस मिनिटं पडून होती. बाहेरून पावलं गेली की नाकपुड्या हलायच्या, आणि काही पावलांना शेपूटही. मी वर्षानुवर्षं याला ‘कंटाळली आहे’ म्हणत आले होते. आता डाव्या पानाचे तीन रकाने केलेत: वास, भेटीगाठी, नवीन काही. माझं नाव त्यात बसलं तर बसलं.

जागेपणी काय चाललंय ते पाहायचं असेल तर मांजरासाठी एक सोपा प्रयोग आहे. क्योटोतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांजरांना मालकाची हाक एका ठिकाणाहून पुन्हा पुन्हा ऐकवली आणि मग लगेच भलत्याच ठिकाणाहून. मांजरं चकित झाली. म्हणजे न दिसणारा माणूस घरात कुठे आहे याचा हिशेब त्यांच्या डोक्यात चालू असतो. मी माझी हाक दोन फोनवर घेतली. एक फोन आतल्या खोलीत, दुसरा गॅलरीत. पंत मधे. आतून चार हाका झाल्या, पंतांनी कान फक्त तिकडे वळवला. पाचवी गॅलरीतून आली आणि ते ताडकन उठून बसले, एकदा आत पाहिलं, एकदा बाहेर. हे वारंवार करू नका, एका आठवड्यात मजा जाते. शिवाय तोवर त्यांचा तुमच्यावरचा विश्वास उडालेला असतो.

कुत्र्याच्या ‘अपराधी चेहऱ्या’ला मात्र वहीत जागा देऊ नका. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये दाखवलं की कान पाडणं, नजर चुकवणं हे कुत्र्यानं गुन्हा केलाय की नाही यावर नाही, तर मालक रागावलाय की नाही यावर ठरतं. ठकीनं चप्पल फाडली की मी तिच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप वाचायचे. तो माझ्याच कपाळावरच्या आठ्यांचा अनुवाद होता.

झोपेत कण्हत असेल तर उठवायचं का? मी उठवत नाही. अगदीच राहवलं नाही तर लांबून, हळू आवाजात नावानं हाक मारते. अंगाला हात लावायचा नाही. अर्धवट जागं झालेलं गरीब कुत्रंही चावू शकतं. पण एक फरक पाठ असू द्या. स्वप्नातले झटके थोडा वेळ, सुटे सुटे असतात आणि हाकेनं थांबतात. अंग लाकडासारखं ताठ झालं, पाय जोरानं आणि सलग झाडू लागले, तोंडातून लाळ आली, लघवी झाली, हाकेला दाद नाही, आणि नंतर जनावर भांबावून फिरू लागलं, तर ती फिट असू शकते. फोनवर चित्रण करा, वेळ मोजा, डॉक्टरांना दाखवा. पाच मिनिटांहून जास्त चाललं तर थांबू नका, तडक दवाखाना गाठा. अशा वेळी वहीची सवय फार कामी येते, कारण नेहमीची झोप कशी दिसते ते तुम्हाला पाठ असतं.

कालची नोंद. डावं पान: दिवसभर पाऊस. दाराच्या फटीशी दोनदा. जिन्यात अनोळखी पिल्लू, नाकाला नाक. उजवं पान: ‘२.४०. श्वास तुटक. नाकपुड्या. भुफ् एकदा. शेपूट जमिनीवर तीनदा, खूश.’ ‘खूश’वर काट मारली. मग थोडा वेळ बसले आणि त्या शब्दाखाली टिंबं दिली. आमच्या कामात त्याचा अर्थ, काट रद्द, शब्द राहू द्या.