५० एमएम सुलटी लावा, उलटी लावा: ठाण्यात घराच्या आसपास करायचे लेन्सचे उद्योग

कॅमेरा घेऊन थोडे दिवस झाले की सगळ्यांचं एकच सुरू होतं, आता पुढची लेन्स कुठली घेऊ. माझं उत्तर ठरलेलं आहे, एक ५० एमएम एफ १.८ घ्या (५० ही फोकल लेंग्थ, १.८ म्हणजे ॲपर्चर, उजेड आत घेणारं भोक; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं), बऱ्याच कंपन्यांच्या स्वस्तातल्या लेन्सपैकी ती एक असते, आणि पुढचे काही महिने तिचेच हाल करा. सरळ लावा, उलटी लावा, मधे नळी घाला, हातात धरून वाकडी करा. बाकी जे लागतं ते काहीशे रुपयांत मिळतं आणि काही तर घरातच सापडतं. शिवाय यासाठी लडाखला जायची गरज नाही, ठाण्यात आपली गॅलरी, जांभळी नाका आणि तलावपाळी एवढं पुरतं.

आधी सुलटी. आपल्यातल्या बहुतेकांचा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (३५ मिमी फिल्मपेक्षा लहान सेन्सरचा) असतो, त्यावर ५० ची लेन्स ७५ सारखी दिसते (कॅननवर ८०). म्हणजे जांभळी नाक्याच्या मार्केटमधे आख्खा रस्ता फ्रेममधे घ्यायचा नाद सोडा, मागे सरकायला जागाच नसते आणि सरकलात तर हातगाडीवर आदळाल. ही लेन्स एका माणसासाठी, एका तराजूसाठी, झेंडूच्या ढिगात हात घातलेल्या मावशींसाठी आहे. मावशींना आधी विचारा हां, "मावशी, एक फोटो काढू का" एवढंच, नाही म्हणाल्या तर पुढे जा, आणि हो म्हणाल्या तर स्क्रीनवर दाखवा, मग शेजारची ताई स्वतःहून म्हणते माझा पण काढ.

गर्दीत ऑटोफोकस बंद करून बघाच एकदा. ॲपर्चर एफ ८, फोकस ३ मीटरवर लावून ठेवायचा आणि रिंगला हात लावायचा नाही. लेन्सवर अंतराचे आकडे नसतील तर ३ मीटरवरच्या कशावर तरी फोकस करून ऑटोफोकसचा स्विच बंद करा, झालं (काही नव्या लेन्सेस कॅमेरा बंद केला की फोकस विसरतात, तेव्हा परत लावावा लागतो). क्रॉप सेन्सरवर अशा वेळी साधारण अडीच मीटरपासून पावणेचार मीटरपर्यंत सगळं बऱ्यापैकी शार्प येतं. आता हे मीटर रस्त्यात मोजायचे कसे, तर आपली रिक्षा असते साधारण अडीच मीटरपेक्षा जराशी लांब. म्हणजे एका रिक्षेपासून ते दीड रिक्षेच्या थोडं अलीकडेपर्यंत जो येईल तो तुमचा. ठाण्यात रिक्षा नाही असा रस्ताच नाही, त्यामुळे माप कायम डोळ्यासमोर. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत लेझीम अंगावर येत असते, ढोल चालू असतो, तेव्हा ऑटोफोकस कुणाचा तरी फेटा पकडून बसतो, तिथे ही पद्धत फार कामाला येते.

संध्याकाळी तलावपाळीला गेलात तर उलट करा, एफ १.८ पूर्ण उघडा आणि मागचे दिवे फोकसच्या बाहेर सोडा. मधल्या भागातले गोळे गोल येतील, कडेचे जरा बदामासारखे चेपलेले येतील, तो दोष नाही, मोठ्या ॲपर्चरला कोपऱ्यात तसंच होतं. कॅननची जुनी ५० एफ १.८ टू असेल तर थोडी बंद करून बघा, तिच्या ॲपर्चरला पाचच पाती आहेत त्यामुळे दिव्यांचे पंचकोन येतात, मला आवडतात, बऱ्याच जणांना नाही आवडत. अजून एक, दुकानांच्या एलईडी बोर्डांमुळे मिररलेसवर (डीएसएलआरमधला आरसा ज्यात नसतो तो कॅमेरा) फोटोत आडवे काळे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होत असतात. सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर बंद करून मेकॅनिकल लावायचं आणि स्पीड १/१०० किंवा १/५० ठेवायचा, बहुतेक पट्टे जातात. सरकत्या अक्षरांच्या बोर्डाचा हिशोब वेगळा असतो, तो फ्रेमच्या बाहेरच ठेवा.

आता खरी मजा, उलटी. रिव्हर्स रिंग म्हणून एक साधी धातूची चकती मिळते, एका बाजूला तुमच्या कॅमेऱ्याचा माउंट आणि दुसऱ्या बाजूला फिल्टरचे आटे. लेन्सच्या पुढच्या कडेला शून्यावर तिरकी रेघ मारलेली खूण आणि पुढे ४९, ५२ किंवा ५८ असा आकडा असतो, त्या मापाची रिंग मागायची. लेन्सचं तोंड रिंगवर फिरवायचं, रिंग कॅमेऱ्यावर, आणि लेन्सची मागची बाजू येते किड्याकडे. डीएसएलआरवर ५० अशी लावली की जवळपास एकास एक मिळतं, म्हणजे मुंगी खरी जेवढी आहे तेवढीच सेन्सरवर पडते. मिररलेसची बॉडी पातळ, लेन्स सेन्सरच्या जास्त जवळ बसते, म्हणून तिथे कमी मिळतं आणि मधे एखादी नळी घालावी लागते. अजून मोठं हवं असेल तर १८-५५ ची किट लेन्स उलटी करून १८ वर न्या, फोकल लेंग्थ जितकी कमी तितकं मोठं दिसतं, पण मग मोठी मुंगी आख्खी मावत नाही आणि तिला फ्रेममधे ठेवताना नाकी नऊ येतात.

ॲपर्चरचा घोळ इथे होतो. उलट्या लेन्सचा कॅमेऱ्याशी काही संबंधच उरत नाही. निकॉनची जुनी डी सिरीजची ५० असेल तर तिच्यावर ॲपर्चरची रिंग असते, एफ ८ ला फिरवा आणि विसरा. निकॉनच्या जी सिरीजच्या लेन्सला रिंग नाही आणि बाहेर काढली की तिचं ॲपर्चर पूर्ण मिटतं, मागे एक छोटी पट्टी असते ती सरकवून मधे कागदाची घडी अडकवावी लागते. कॅननवाल्यांची युक्ती वेगळी, लेन्स आधी सरळ लावायची, एव्ही मोडवर (ॲपर्चर आपण ठरवतो तो) एफ ८ ठेवायचं, डेप्थ ऑफ फील्ड प्रीव्ह्यूचं बटण दाबून धरायचं आणि तसंच धरून लेन्स काढायची, ॲपर्चर तिथल्या तिथे अडकून राहतं. आणि मिररलेस असेल तर मेन्यूमधे 'लेन्सशिवाय शटर' चालू केल्याशिवाय कॅमेरा फोटोच घेत नाही, ते आधी शोधून ठेवा, प्रत्येक कंपनीने भलत्याच पानावर लपवलेलं असतं.

फोकसची रिंग आता जवळपास निरुपयोगी. लेन्सच्या मागच्या कडेपासून पाचेक सेंटीमीटरवर जे असेल तेच दिसणार, त्यामुळे आपणच पुढेमागे डुलायचं आणि किड्याचा डोळा चमकला की दाबायचं. एकास एकला एफ ८ वर शार्प भाग जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. म्हणून कोणी एफ २२ वर जातं, नका जाऊ. इतक्या जवळ एफ ८ चं प्रत्यक्षात एफ १६ सारखं होतं, एफ १६ चं एफ ३२, सगळाच फोटो मऊ पडतो. एवढ्या अंधारात फ्लॅश लागतोच, पण कॅमेऱ्याच्या पॉपअप फ्लॅशची लेन्सवरून सावली पडते. लांब गोल डब्यात चिप्स मिळतात ना, तो डबा रिकामा करा (हे काम घरची पोरं आनंदाने करतात), बूड कापा, एक टोक फ्लॅशवर, दुसऱ्या टोकाला ट्रेसिंग पेपर. डब्याच्या आत चांदी असतेच. दिसतं हास्यास्पद, पण प्रकाश असा पसरतो की विकतचा डिफ्यूझर घ्यायची इच्छा राहत नाही.

विषय शोधायला लांब जाऊ नका. गॅलरीतला कढीपत्ता बघा. त्यावर कॉमन मॉर्मन फुलपाखराची अंडी सापडतात, त्यातून निघालेली बारकी अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, आपण झटकून टाकतो तीच. मोठी झाली की हिरवीगार होते आणि जरा डिवचलं की डोक्यामागून लालसर दुबेळकं शिंग बाहेर काढते, उग्र वास सोडते, पण फोटोसाठी मुद्दाम डिवचू नका, पानं खातानाही ती भरपूर काही करते. आई-आजी कढीपत्ता खुडायला आल्या तर एक फांदी राखून ठेवायला सांगा. सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवर उड्या मारणारे छोटे कोळी असतात, ते पळून न जाता वळून लेन्समधे बघतात. मात्र भिंतीला नाक लावून उभे राहिलात की वॉचमनकाका येणारच, "काय झालं साहेब, लीकेज आहे का?" त्यांना स्क्रीनवर कोळ्याचे डोळे दाखवा, नंतर ते स्वतः बोलवायला येतात. घोडबंदर रोडला ओवळ्याला ओवळेकर वाडी आहे, तिथे फुलपाखरंच फुलपाखरं, पण तिथे उलटी लेन्स बॅगेत ठेवा, पाच सेंटीमीटरवर येईपर्यंत फुलपाखरू थांबत नाही.

तिथे लागते ती एक्स्टेन्शन ट्यूब. आत काच नाही, नुसती पोकळ नळी, लेन्सला सेन्सरपासून लांब नेते. हिशोब सोपा, नळीची लांबी भागिले फोकल लेंग्थ. २५ ची नळी ५० च्या लेन्सला लावली की मोठेपणात ०.५ ची भर, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्याच्या निदान अर्धी पडते. कॉन्टॅक्टवाल्या (लेन्स आणि कॅमेरा विजेने जोडणाऱ्या) नळ्या घ्या, ॲपर्चर कॅमेऱ्यातून चालतं. बिनकॉन्टॅक्टच्या स्वस्त आहेत पण परत तोच बटण दाबून धरायचा खेळ. खरं सांगायचं तर वापरायला नळी सोपी, पण बघायला शिकवते उलटी लेन्सच.

नळीही घ्यायची नसेल तर आजोबांचा वाचायचा चष्मा मागून घ्या. नंबर +२ असेल तर काचेची फोकल लेंग्थ अर्धा मीटर, +३ असेल तर ३३ सेंटीमीटर. फोनपुढे याने फार फरक पडत नाही, पण कॅमेऱ्याच्या झूमपुढे धरली की क्लोजअप फिल्टरचं काम होतं, कडा थोड्या रंगीत येतात एवढंच. ज्यांच्याकडे नुसता फोन आहे त्यांनी तीच ५० एमएम कोणाकडून तरी मागून फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरा, ती +२० ची काच झाली, पाच सेंटीमीटरवरचा साखरेचा दाणाही नीट फोकस होतो.

मग कधीतरी जुन्या लेन्सचा किडा चावतो. फोर्टात बोरा बझारला जा किंवा शुक्रवारी सकाळी चोर बाजारात. रशियन हेलिओस ४४-२ दिसली तर हातात घेऊन बघा, ५८ एमएम एफ २, मागची पानं भोवऱ्यात फिरल्यासारखी येतात ती हीच. पण फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर). क्रॉपवर कोपरे कापले जातात आणि भोवरा बराचसा तिथेच असतो. माणूस दीडेक मीटरवर, मागे बऱ्याच लांब पानांतून उन्हाचे कवडसे, एफ २, असं जमवायला ठाण्यातल्या उपवन तलावाच्या बाजूची झाडं छान आहेत. आठवडाभर वेड लागतं, नंतर प्रत्येक फोटोत भोवरा बघून कंटाळा येतो, तरी घ्या.

घेताना लेन्समधून मोबाईलचा टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक फांद्या दिसल्या की फंगस, ठेवून द्या परत. थोडी धूळ चालते. ॲपर्चरची पाती तेलकट नकोत. जुनी सुपर टाकुमार ५० एफ १.४ पिवळट दिसली तर घाबरू नका, तिच्या काचेत थोरियम आहे, वर्षानुवर्षांत ती पिवळी पडते, मागच्या बाजूने काही दिवस ऊन दिलं की बरीच उतरते. हेलिओस आणि टाकुमार, दोन्ही लेन्सेस एम ४२ आट्यांच्या, म्हणजे ४२ मिमीच्या, स्क्रूसारख्या फिरवून बसवायच्या. मिररलेसवर साध्या ॲडॅप्टरने बसतात, कॅनन डीएसएलआरवर पण. निकॉन डीएसएलआरवर मात्र घोळ, एम ४२ ला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागतं आणि निकॉनचं मुळातच ४६.५, त्यामुळे जवळचं दिसतं आणि लांबचं कधीच फोकस होत नाही. दुकानदार सांगेलच असं नाही.

लेन्स काढून हातात धरून वाकडी करायचा प्रकार, फ्रीलेन्सिंग, तो घरात पंखा बंद करून करा. फोकसची पट्टी तिरकी होते, इमारती खेळण्यातल्या दिसतात. सेन्सर उघडा असतो, त्यामुळे गच्चीवर वारा असेल तर राहू दे. आणि हो, नवी मुंबईचे मित्र हमखास विचारतात की यातलं काय फ्लेमिंगोला चालेल. काहीच नाही. पक्ष्यांना टेलीच (लांबचं जवळ आणणारी लेन्स) लागते आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक लागतं, ओहोटीला ते चिखलात लांब जातात. ५० ने सीवूड्सला तलाव, मागचे टॉवर आणि मधे गुलाबी रेघ असा फोटो येतो, मला तोच जास्त आवडतो, पण घरी कोणाला दाखवला की "पक्षी कुठेत?" हे येतंच.

पावसाळ्यात हे सगळं सामान कपाटातल्या चामड्याच्या बॅगेत ठेवू नका, फंगसला तेच आवडतं. डाळ-तांदळाचा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि साधा स्वस्त आर्द्रतेचा मीटर. काटा ४० ते ५० च्या मधे राहिला पाहिजे. निळं जेल गुलाबी झालं किंवा केशरी हिरवं झालं की ते ओलं, ओव्हनमधे मंद आचेवर सुकवून परत वापरता येतं, फक्त स्वयंपाकाचं भांडं घेऊ नका. एसीच्या खोलीतून थेट बाहेर पावसाळी हवेत आलात की काचेवर वाफ धरते, अशा वेळी कॅमेरा पिशवीतच बंद ठेवून थोडा वेळ तसाच राहू द्या, आणि लेन्स तर तेव्हा अजिबात बदलू नका.