दोन गाड्या, दोन वह्या

माझ्या पेट्रोल गाडीच्या कप्प्यात एक वही असते. टाकी फुल केली की किलोमीटर आणि लिटर लिहायचे, एवढंच. भावाने इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा त्यालाही एक वही दिली. तो हसला, पण लिहीत राहिला. कोणती गाडी परवडेल असं कुणी विचारलं की मी या वह्याच पुढे करते. पत्रकातलं ॲव्हरेज आणि रेंज (एका पूर्ण चार्जमध्ये गाडी जाते ते अंतर) ठरावीक चाचणीतून आलेली असते, आणि रोजच्या रस्त्यावर ती तशी मिळत नाही.

तेव्हा आधी महिनाभर नोंद करा. पेट्रोलची गाडी असेल तर टाकी फुल ते टाकी फुल मोजा. इलेक्ट्रिक ओळखीच्याकडून चार-पाच दिवस मागून घ्या; शोरूमच्या वीस मिनिटांच्या फेरीत पिकअपचं कौतुक करण्यापलीकडे काही होत नाही. वहीत शहराचा आणि हायवेचा रकाना मात्र वेगळा ठेवा. खरी गोम तिथेच आहे.

माझी गाडी गर्दीत लिटरला १२ किलोमीटर देते, हायवेवर १८. भावाच्या गाडीचं उलटं. शहरात तिला १०० किलोमीटरला १३ युनिट लागतात, हायवेवर ११०च्या वेगाने १९. बॅटरी ४५ युनिटची, म्हणजे शहरात साडेतीनशेच्या आसपास रेंज आणि हायवेवर जेमतेम २३५. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा त्याने आकडे चुकीचे उतरवलेत असंच मला वाटलं.

चूक नव्हती. पेट्रोल इंजिन इंधनातल्या ऊर्जेपैकी साधारण २० ते ३० टक्केच चाकांपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होऊन जाते. सिग्नलला उभं राहूनही ते पेट्रोल पितं, आणि ब्रेक मारला की मिळवलेला वेग वाया. इलेक्ट्रिकमध्ये वेग कमी करताना मोटरच जनित्राचं काम करते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. म्हणून तिला गर्दी मानवते. हायवेवर मात्र हवेचा अडथळा येतो, आणि वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. पेट्रोल गाडीलाही तो तेवढाच असतो, पण मोकळ्या रस्त्यावर तिचं इंजिन शहरापेक्षा पुष्कळ नीट चालत असल्याने तोटा झाकला जातो. मोटर कुठेही नीटच चालते, त्यामुळे तिथे झाकायला काही उरत नाही.

आता पैसे. रुपये नंतर घाला, आधी युनिट आणि लिटर समोरासमोर मांडा. चार्ज करताना काही वीज वाया जाते, म्हणून गाडीच्या पडद्यावरच्या आकड्यात १० टक्के मिळवा, किंवा सरळ घरचा मीटर बघा. आमच्या आकड्यांनी शहरात १०० किलोमीटरला सव्वाआठ लिटरांचं काम सव्वाचौदा युनिटांत होतं, म्हणजे एका लिटरला पावणेदोन युनिट. हायवेवर एका लिटरला पावणेचार. तुमच्याकडचा लिटरचा भाव युनिटच्या भावाने भागा. उत्तर या आकड्यापेक्षा जितकं मोठं, तितकी इलेक्ट्रिक स्वस्त. यात घरच्या विजेचा दर वेगळा आणि फास्ट चार्जरचा वेगळा धरायला विसरू नका. सगळं चार्जिंग बाहेरच होणार असेल तर गणित पार बदलतं.

म्हणून मी लोकांना किमतीच्या आधी विचारते, रात्री गाडी उभी कुठे राहते? तिथे सॉकेट असेल तर ३ किलोवॉटवर रोजच्या ५० किलोमीटरची भरपाई तीन तासांच्या आत होते. नसेल, तर दर आठवड्याला चार्जरपाशी ताटकळायची तयारी हवी. फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांनंतर वेग मंदावतो, जसा हंडा काठापर्यंत आला की आपण नळ बारीक करतो. प्रवासात ८०ला उठून निघावं. आणि पुढच्या चार्जरवर पूर्ण भरवसा ठेवू नये: ९ टक्के उरलेले असताना आम्ही एका बंद चार्जरसमोर उभे राहिलो आहोत, वर आई मागच्या सीटवरून दर दोन मिनिटांनी ‘आता किती?’ विचारत होती.

देखभालीचं थोडक्यात: इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, क्लच प्लेट हे खर्च इलेक्ट्रिकमध्ये नाहीत, ब्रेक पॅडही जास्त टिकतात. पण गाडी जड, त्यामुळे टायरचा खर्च धरा. बॅटरीवर अनेक कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर ती लागू होते, ते वाचून घ्या. थंडीत रेंज घटते. पेट्रोल गाडीत हीटरला इंजिनची वाया जाणारी उष्णता फुकट मिळते, इथे तीही बॅटरीतूनच.

धुराचा हिशेबही याच वहीत निघतो. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, आणि कोळशाच्या विजेला युनिटमागे साधारण १ किलो धरा. सगळी वीज कोळशाची मानली तरी शहरात १०० किलोमीटरला माझी गाडी १९ किलो सोडते, भावाची सव्वाचौदा. हायवेवर माझी १३, त्याची २१! बॅटरी बनवतानाचा आणि तेल शुद्ध करतानाचा धूर यात धरलेला नाही. वीज जितकी पाणी, वारा, उन्हावरची, तितकं पारडं त्याच्या बाजूने झुकतं.

दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा आम्ही दोघं गप्पच झालो. मी रोज शहरात ३० किलोमीटर फिरते, पेट्रोलवर. तो आठवड्याला दोनदा हायवेवर ३०० किलोमीटर जातो, इलेक्ट्रिकवर. सध्या त्याच्या लांबच्या फेरीच्या आदल्या रात्री आम्ही किल्ल्या बदलतो. वह्या मात्र ज्याच्या त्याच्याकडे, कारण त्याचं अक्षर मला लागत नाही.